पहिल्या मजल्यावरचं नमुना घर

माझ्या पलंगावर एक परका माणूस झोपला होता!

म्हणजे पलंग तसा माझा नव्हे. कोणाचाच नव्हे. आमच्या बिल्डरच्या नमुना घरातला तो पलंग. गिऱ्हाइकांनी बघायचा, गादीवरून हात फिरवायचा, ‘अय्या, किती छान!’ म्हणायचं आणि पुढच्या खोलीत जायचं. दोन वर्षं मी ते घर दाखवतेय, पण त्यावर आडवं व्हायची माझीसुद्धा छाती झाली नव्हती. आणि हा बुवा खुशाल छातीवर हात ठेवून छताकडे बघत पडला होता. बूट मात्र काढून दाराशी नीट जोडून ठेवलेले. शिस्तीचा चोर!

“अहो, उठा आधी! वॉचमनला बोलावते मी!”

“त्यांनीच दार उघडून दिलं,” तो शांतपणे म्हणाला. “मॅडम, जरा माझ्या पायांकडे बघता का?”

मी बघितलं. पोटरीपासून पुढे त्याचे दोन्ही पाय पलंगाबाहेर, चक्क हवेत होते. मोजे राखाडी. डाव्या मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर डोकावत होता. मला तो दिसला हे त्याला दिसलं... आणि तो घाईघाईनं उठून बसला. कानांच्या पाळ्या लालबुंद!

“पाच फुटांचा पलंग,” खिशातून टेप काढत तो म्हणाला. “ही लहान मुलांची खोली का?”

“नाही... नवरा-बायकोची.”

“पाच फुटी नवरा-बायकोची?”

“का? पाच फुटांची माणसं माणसं नसतात वाटतं?” मी टाचा जराशा उचलून विचारलं.

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, आणि हसला. कंजूष माणसानं खिशात हात घालावा तसं, अगदी थोडंसं.

मग त्यानं ओळखपत्र दाखवलं. गृहनिर्माण प्राधिकरणाचा तपासनीस. घरांचा नवा कायदा लागू झाल्याचं मी पेपरात वाचलं होतं. बांधणाऱ्यानं काय करायचं, घेणाऱ्याला कोणते हक्क, भाड्यानं देणाऱ्यानं किती अनामत घ्यायची, असं सगळं त्यात होतं. माझ्या घरमालकीण काकू तर ते अनामतीचं कलम वाचल्यापासून माझ्याशी अशा वागत होत्या, जणू मीच बसून तो कायदा लिहिला. पण नमुना घरासाठीही त्यात वेगळं कलम असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. विकायचं घर आणि दाखवायचं घर तंतोतंत सारखं हवं. खोल्या, भिंती, दारं, अगदी पलंगसुद्धा खऱ्या मापाचा. आणि तपासणीत पास होईपर्यंत गिऱ्हाइकाला आत घ्यायचं नाही.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? नमुना घरात सगळं जरा जरा लहान असतं. पलंग आखूड, सोफा अरुंद, कपाटात शर्ट टांगला तर बाह्या दुमडतील इतकं उथळ. आतल्या खोल्यांना दारंच नाहीत, म्हणजे दार उघडायला किती जागा लागते ते कुणाच्या डोक्यातच येत नाही. वर हा एवढा थोरला आरसा. गिऱ्हाईक आत शिरलं की त्याला वाटतं, केवढं ऐसपैस घर! अडचण फक्त उंच माणसांची. पण उंच माणसं पलंगावर झोपून बघत नाहीत. आजवर कुणी बघितलं नव्हतं.

तो मात्र घरभर वाकून, बसून, भिंतीला गाल टेकवून मोजत होता. बाहेरच्या जिन्यापासून खिडकीपर्यंत टेप लावून आला. “पलंग नापास. सोफा नापास. कपाट नापास. दारं नाहीत — नापास.”

“आणि मी?” माझ्या तोंडून निसटलंच.

तो थबकला. टेप सर्रकन आत गेली.

“तुमचं माप घ्यायचा अधिकार,” बूट घालता घालता, खाली बघून तो म्हणाला, “कायद्यानं मला दिलेला नाही.”

तो गेल्यावर कितीतरी वेळ मी उगाचच हसत होते.

पण हसू टिकलं नाही. कारण गिऱ्हाईक बंद झालं, तसं ते घर खायला उठलं. इमारतीत तयार होतं ते एवढं एकच घर. वर नुसते खांब आणि त्यांच्यातून फिरणारं वारं. घरातला फ्रिज म्हणजे रिकामा डबा. नळ फिरतो, पाणी येत नाही. कपाटातल्या पुस्तकांना फक्त पाठी आहेत, पानं नाहीत. भिंतीवर एक हसरं कुटुंब आहे, आई-बाबा-मुलगी, फ्रेमसोबत दुकानातून आलेलं. एरवी रविवारी दहा-बारा कुटुंबं यायची, मुलं सोफ्यावर उड्या मारायची, मी ओरडायचे. आता मी एकटीच रोज सकाळी धूळ झटकायचे, जेवणाच्या टेबलावर दोन कप मांडायचे आणि समोर बसून राहायचे.

खोलीवर गेलं तरी तेच. आई दादाकडे, दुसऱ्या गावी. रोज फोन करते, ‘जेवलीस का?’ विचारते आणि दादाची धाकटी रडायला लागली की ठेवून देते. तिला बिचारीला काय दोष द्यायचा? पण कधी कधी फोन ठेवल्यावर मी खोलीत मोठ्यानं बोलून बघते. आपला आवाज शाबूत आहे ना, एवढ्यासाठी.

आठवड्यानं तो परत आला. तोवर नवं सामान आलं होतं, पूर्ण मापाचं, आणि दारंही बसली होती. घर एकदम आकसल्यासारखं दिसत होतं. दोन माणसं समोरासमोर आली की एकानं भिंतीला चिकटायचं. आम्ही दोघं तसे तीनदा समोरासमोर आलो... तिन्ही वेळा भिंतीला तोच चिकटला.

“चहा घेणार?” मी थर्मास पुढे केला. “सरकारी माणसाला चालतो ना?”

“नियमात बसत नाही.”

“मग मी ओतून ठेवते. तुम्ही तपासून बघा.”

त्यानं तपासला. संपूर्ण कप तपासला. मग कप खाली ठेवत म्हणाला, “आरसा नापास. विकायच्या घरात देणार नसाल, तर इथेही नको.”

आरसा गेला. पुढच्या खेपेला त्यानं छतातले दिवे नापास केले. त्याच्या पुढच्या खेपेला पडदे. मग एकदा टेबलावरच्या टोपलीतलं प्लास्टिकचं सफरचंद उचलून तो कितीतरी वेळ बघत राहिला.

“हे कुठल्या कलमात बसतं?” मी कमरेवर हात ठेवून विचारलं.

“कशातच नाही. मलाच खटकतंय.” त्यानं पिशवीतून दोन खरी सफरचंदं काढून टोपलीत ठेवली. “संध्याकाळी खाऊन टाका. ठेवलीत तर सुकतील.”

दोन वर्षांत त्या घरात आलेली ती पहिली खरी वस्तू. मी एक त्याला दिलं, एक मी घेतलं. खिडकीच्या कट्ट्यावर बसून आम्ही खाल्लं. खाली मिक्सरचा घरघराट, सिमेंटची धूळ, दुपारचं पिवळं ऊन.

“दिवसाला किती घरं बघता?”

“चार-पाच.”

“मजा आहे की!”

“सगळी रिकामी असतात,” तो म्हणाला. “माणसं राहायला यायच्या आधी माझं काम संपतं. मी मोजलेल्या घरांतून नंतर दिवे लागलेले दिसतात रस्त्यावरून... पडदे, कपडे वाळत घातलेले. मी खालून बघतो आणि पुढे जातो. माझीही खोली आहे, भाड्याची. तिथे गेल्यावर पहिला दिवा लावायलाही नको वाटतं.”

एवढं बोलून तो ओशाळला. आणि मला... खरं सांगू? त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. इतका उंच माणूस, पण त्या क्षणी अगदी माझ्या हाताशी आलेला. मी हात मागे घेतला आणि सफरचंदाच्या बिया कागदात बांधत बसले. त्या दिवसापासून मी त्याची वाट बघायला लागले. उघड उघड, वेड्यासारखी. जिन्यात कुणाचंही पाऊल वाजलं की केस सारखे करायला लागले.

आणि तेव्हाच शेठनं मला ऑफिसात बोलावून घेतलं.

शेठ म्हणजे आमचे बिल्डर. एरवी माझ्याकडे बघायची त्यांना फुरसत नसते. आज त्यांनी खुर्ची पुढे केली, तेव्हाच मी सावध झाले.

“काय गं, तो टेपवाला पडद्यांवरून अडवतोय आपल्याला. पडद्यांवरून! मी काय दूधखुळा आहे?” ते डोळे बारीक करून हसले. “भाळलाय तो तुझ्यावर. चांगलं आहे. जरा गोड बोल. बाहेर कुठे चहाला बोलावलं तर जा. पण पुढच्या वेळी सही घे. पगाराचं मी बघतो.”

तोंडात मारल्यासारखी बाहेर आले.

रस्त्यानं चालताना अंगाचा नुसता तिळपापड होत होता. शेठचा राग आलाच, पण त्याहून वाईट वाटत होतं ते वेगळंच. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी आवडलं होतं. आणि आता मी त्याच्याकडे बघून हसले, तर ते हसणं शेठचं होणार. चहा शेठचा होणार. उद्या मी त्याला मनातलं सांगितलं, आणि परवा त्याला हे कळलं, तर? तो मला आयुष्यात कधी खरी मानेल का?

म्हणून पुढच्या खेपेला मी थर्मासच आणला नाही.

तो आला. नेहमीसारखे बूट काढले. टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघत होते.

“आज... तपासायला काही नाही?”

“नाही, साहेब.”

‘साहेब’ ऐकून त्याचा चेहरा पडला. मी याआधी त्याला कधी साहेब म्हटलं नव्हतं. तो उगाच या खोलीतून त्या खोलीत गेला. टेप काढली, पुन्हा ठेवली.

“माझं काही चुकलं का?”

मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर रडले असते.

तो बूट घालायला दाराशी गेला. मग हळूच म्हणाला, “बरोबर आहे तुमचं. पडदे, दिवे... मी उगाच येत राहिलो. तुम्हाला त्रास झाला. पुढच्या खेपेला काय ते संपवतो. त्यानंतर नाही येणार.”

जिना उतरणारी त्याची पावलं मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली. मग त्या हसऱ्या कुटुंबासमोर बसून मनसोक्त रडले.

तो आठवडा कसा काढला, माझं मला ठाऊक. तो येणार, सही करणार, जाणार. घर पास, शेठ खूश, माझी नोकरी शाबूत. आणि तो कायमचा गेलेला, मनात माझ्याबद्दल नको ते घेऊन. त्यात आणखी एक गोष्ट मला आतून कुरतडत होती. दिवाणखाना आणि झोपायची खोली यांच्यामधली भिंत. नमुना घरात ती नुसती प्लायवूडची होती, वरून रंग दिलेली. खऱ्या घरांत तिथे विटांची जाड भिंत येणार. खोली तेवढी आखूड होणार. सामान, आरसे, दिवे सगळं बदललं, पण भिंतीला शेठनं हात लावला नव्हता. सामान बदलून भागत होतं, पण खोटी भिंत उघडकीला आली, तर नव्या कायद्यानं सगळं नमुना घरच सील होणार होतं. आणि ते बघून ज्यांनी घर नोंदवलं, त्यांना नोंदणी मोडून पूर्ण पैसे परत मागता येणार होते.

त्यांच्यातलं एक वयस्कर जोडपं माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. त्या बाईंनी वितीनं मोजून विचारलं होतं, “आमचं कपाट बसेल ना गं इथे? माझ्या आईचं आहे, मोडवत नाही.” मी म्हटलं होतं, “बसेल की, काकू.” त्यांनी माझ्या गालाला हात लावला होता.

सांगितलं तर नोकरी जाणार. नाही सांगितलं तर... तर मीही त्या घरातल्या प्लास्टिकच्या फळांसारखीच. एकदा हे मनाशी म्हटलं, आणि मग ठरवायला काही उरलंच नाही.

तो आला तेव्हा जास्तच गंभीर होता. खांद्याला एक जाडजूड पिशवी. नमस्कार केला, बूट काढले, पण टेप काढलीच नाही. टेबलाशी जाऊन पेन उघडलं.

“थांबा,” मी म्हणाले. “सही करण्याआधी ती भिंत वाजवून बघा. मधली. पोकळ आहे. खऱ्या घरात विटांची येणार आहे. खोली आखूड होईल. लोकांची कपाटं बसणार नाहीत.”

तो वळला. हलला मात्र नाही.

“वाजवा ना!”

“तुम्हाला कळतंय ना, याचा अर्थ काय? तुमची नोकरी—”

“कळतंय. आणि आणखी एक ऐकून घ्या, मग मला काय म्हणायचं ते म्हणा. शेठनं मला सांगितलं होतं, तुमच्याशी गोड बोल आणि सही घे. म्हणून मी बोलणंच बंद केलं. चहा बंद केला. मला तुमच्याशी गोडच बोलायचं होतं हो! पण ते त्यांच्या सांगण्यावरून नव्हतं... त्यांनी सांगायच्या कितीतरी आधीपासून होतं. आता तुमचा विश्वास बसो न बसो.”

खालचा मिक्सर नेमका तेव्हाच बंद होता.

त्यानं सावकाश पिशवी उघडली. आत जाड पांढरी पट्टी, लाख, प्राधिकरणाचा शिक्का. सील करायचं सगळं सामान.

मी बघतच राहिले. “हे... तुम्ही आधीच आणलंत?”

“आज सीलच करायला आलो होतो.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून,” तो खाली मान घालून म्हणाला. “बाहेरून मोजलेलं आणि आतून मोजलेलं जुळत नव्हतं.”

“पहिल्या दिवसापासून!” माझा पारा चढला. “आणि मी इथे आठवडाभर जिवाचं पाणी करत बसले! झोप नाही, अन्न गोड लागत नाही, नोकरीवर पाणी सोडलं — आणि तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर त्याच दिवशी हे दार बंद झालं असतं.” त्यानं वर बघितलं. “मग मी यायचं कुठे?”

मी त्या मधल्या भिंतीकडे बघितलं.

“पडद्यांना काही अर्थ नव्हता. दिव्यांनाही फारसा नव्हता. मला तुम्हाला बघायला यायचं होतं. दर वेळी ठरवायचो, आज भिंतीचं लिहायचं. आणि तुम्ही कप पुढे करायचात. इमारत पुरी व्हायला वर्ष आहे, तेवढ्यानं कुणाचं नुकसान होत नाही, असं स्वतःला समजावायचो. पण ते चूक होतं. आमच्या साहेबांना मी कालच सगळं लेखी दिलंय. चौकशी होईल. कदाचित तपासणीचं काम काढून घेतील, कुठेतरी टेबलावर बसवतील.” तो थांबला. नेहमी फुटा-इंचात बोलणाऱ्या माणसाला शब्द सापडत नव्हते. “आज माझ्या हातून तुमची नोकरी जाणार, म्हणून जिना चढवत नव्हता. तुम्ही मला कधी माफ करणार नाही, असं वाटत होतं... मला तुम्ही आवडता. फार आवडता.”

मी डोळे पुसले. हसूही येत होतं, त्याचं काय करायचं ते कळेना.

“म्हणजे माझी नोकरी गेली, आणि तुमची जायच्या बेतात.”

“हो.”

“छान! घरी काय सांगायचं आईला?”

“घरी... सांगणार आहात?” त्यानं इतक्या घाबऱ्याघुबऱ्या आवाजात विचारलं, की मला खो खो हसू फुटलं.

“आधी सील लावा,” मी म्हटलं. “मग बघू.”

मी माझी पर्स घेतली, दोन कप उचलले. ते माझे स्वतःचे होते. दोघं बाहेर जिन्यात आलो. त्यानं पट्टी काढली, पण दार ओढलं नाही.

“एक नियम आहे,” तो म्हणाला. “सील करण्याआधी तीनदा आवाज द्यावा लागतो. चुकून कुणी आत राहून जायला नको.”

आणि उंबऱ्याशी उभं राहून त्यानं हाक दिली, “घरात कोणी आहे का?”

त्याचा आवाज त्या खोल्यांमधून फिरून आला. दोन वर्षं मी त्या घरात होते. शेकडो माणसं आली, भिंतींना हात लावून गेली, खिडकीतून बघून गेली. ही हाक मात्र कुणी दिली नव्हती. माझे डोळे पुन्हा भरून आले.

“घरात कोणी आहे का?” त्यानं दुसऱ्यांदा विचारलं.

तिसऱ्या वेळी तो घराकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता, आणि आवाज अगदी खाली आला होता.

“कोणी आहे का?”

“होते,” मी म्हणाले. “आले बाहेर.”

त्यानं दार ओढून घेतलं. लाख वितळवायला त्याला दोन्ही हात लागत होते, म्हणून पट्टीचं एक टोक मी धरलं.